माग काढताना : दोन गावांची माती, एका घरच्या चिंध्या

कुडाळजवळच्या आमच्या गावी उतरलं की तिठ्यावरच कुणीतरी विचारतं, "तू खयची गो?" आईच्या माहेरी, कराडच्या बाजूला, तोच प्रश्न "कुणाची गं तू?" असा येतो. कल्याणच्या सोसायटीत तो "मूळ गाव कुठलं तुमचं?" होतो. वडील मालवणी, आई घाटावरची, दोघांची गाठ लालबागच्या एका चाळीत पडली आणि माझा जन्म तिथलाच. ती चाळ आता उभी नाही. या तीन प्रश्नांना मी आयुष्यभर तीन वेगळी उत्तरं देत आले. तीन वर्षांपूर्वी वडिलांची आई गेली, तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली, आणि या वेळी उत्तर हातांनी शोधायचं असं मी ठरवलं. त्यातून एक लहान गोधडी झाली. तिच्यावर भाजलेल्या मातीचे २४ तुकडे शिवले आहेत. ती कशी केली ते इथे सांगते, म्हणजे कुणाला आपल्या घराचा असा माग काढायचा असेल तर माझ्या चुका तरी टळतील.

मी शाळेत चित्रकला शिकवते. 'स्वतःबद्दल काहीतरी करा' म्हटलं की मुलं काय आणि मोठी माणसं काय, लगेच चिन्हं काढायला लागतात : मोर, तुळशीवृंदावन, वारली नाच. पैठणीचा मोर सुंदरच असतो, पण आमच्या घरात पैठणी कधी आलीच नाही. वारली बायका लग्नघरात चौक लिहितात तो त्यांच्या भिंतीचा आहे, माझ्या खोलीचा नाही. म्हणून आधी कागदावर एकही रेघ ओढू नका. आधी यादी करा.

यादी

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे घरातली दहा कापडं लिहा, उजवीकडे घरातल्या दहा मातीच्या वस्तू. खरोखर घरात असलेल्या, कुणाच्या तरी रोजच्या हातातल्याच हव्यात. प्रत्येकीपुढे लिहायचं : कुणाची, कुठून आली, तिचं काय करायचे, आता कुठे आहे.

माझी डावी बाजू भराभर भरली. आजीचं हिरवं नऊवारी लुगडं, आजोबांचा गिरणीत घालायचा खाकी सदरा, आईच्या आईचं इरकल, माझं बारशाचं दुपटं, शाळेचा निळा झगा. उजवीकडे माठ, संक्रांतीची सुगडी, गणपतीचा शाडू, तुळशीची कुंडी इथपर्यंत आले आणि अडले. दोन दिवसांनी भाजी निवडताना आठवलं : कौल! गावचं घर २०१९च्या पावसात बसलं तेव्हा काकांनी धड राहिलेली मंगलोरी कौलं अंगणाच्या कडेला रचून ठेवली होती. तीही भाजलेली मातीच, आणि आमच्या डोक्यावर सर्वांत जास्त वर्षं राहिलेली. पुढे याच कौलाने माझं काम वाचवलं, म्हणून सांगते, यादी एका बैठकीत संपवू नका. आठवडाभर उघडी ठेवा.

ज्या वस्तू आता नाहीत त्या खोडू नका, त्यांचीही जागा लागते. काहींची पेटी पुरात गेलेली असते, काहींचं घरच्यांशी बोलणंच तुटलेलं असतं. अशांनी आपण आज वापरतो त्या कापडापासून निघावं : उशीचा अभ्रा, पहिल्या पगारात घेतलेला सदरा, हॉस्टेलची चादर. तुमची यादी तुमच्यापासून सुरू झाली तर तिच्यात काहीच उणं नाही.

कापड

कात्री लावण्याआधी विचारा. माझ्या आत्याने फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "आयेचा लुगडा कापूचा नाय." दोन महिने थांबले. शेवटी पदर अखंड ठेवायचा या बोलीवर ती तयार झाली आणि तो पदरच माझ्या गोधडीची पाठ झाला. तिने अडवलं नसतं तर मी त्याचे चौकोन कापून मोकळी झाले असते. कापण्याआधी प्रत्येक कापडाचा फोटो काढा, पुढून आणि मागून.

मग प्रत्येक कापडाचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि बशीवर जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटांत विरते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. याचा उपयोग पुढे मातीच्या वेळी आहेच, पण गोधडीतही सुती आणि पॉलिस्टर शेजारी शिवलं की पहिल्या धुण्यात सुती आवळतं आणि शिवण चुण्या धरते. माझा शाळेचा झगा टेरिकॉटचा, म्हणजे सूत आणि पॉलिस्टरच्या मिसळीचा निघाला. तो मी फक्त वर, ठिगळासारखा लावला.

जुनं लुगडं खिडकीशी धरून बघा. बसण्याची जागा विरलेली असते, तिथून उजेड सुतासुतातून येतो. काठ आणि पदर मात्र टिकतात. विरलेला भाग फेकू नका, तो मधल्या थरांत जातो. आमच्याकडे गोधडीत कापूस भरत नाहीत, जुन्या लुगड्यांचे तीन-चार थर हेच तिचं अंग. धुताना कोमट रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, सावलीत पसरा. रंग जातो का हे आधी ओला पांढरा रुमाल दहा मिनिटं दाबून पाहा. लाल आणि हिरव्यावर विश्वास ठेवू नका.

आजोबांच्या सदऱ्यापाशी मी सर्वांत जास्त थांबले. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात त्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. त्यांना परत कामावर घेतलं नाही. त्यानंतरची बरीच वर्षं घर आजीच्या सुईवर चाललं. गिरणीतून आलेले फेंटचे, म्हणजे थानातून उरलेले तुकडे आणि चाळीतल्या बायकांची जुनी लुगडी यांच्या गोधड्या ती शिवून द्यायची. सदरा नीट दिसावा म्हणून मी त्याचा फाटका खिसा उसवला, तर खाली खाकीचा मूळ गडद चौकोन निघाला. आजूबाजूचं सगळं उन्हाने आणि धुण्याने फिकं झालेलं. तो तुकडा मी जसाच्या तसा मध्यभागी घेतला. अमेरिकेतल्या अलाबामामध्ये जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या कपड्यांच्या गोधड्या करत आल्या. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी १९४२ साली शिवली. त्या गोधड्यांमध्येही ठिगळं, डाग, खिशांच्या खुणा तशाच दिसतात. डाग धुऊन काढायचा मोह आवरा. तेलाचा डाग म्हणजे तो माणूस कुठे उभा राहायचा याची नोंद असते.

कापडावरून मातीत

माझ्या मते या सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत बोलका आहे, आणि त्याला काहीच लागत नाही. बाजारात मिळणारी टेराकोटाची मळलेली माती घ्या. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये लाटण्याने तिची साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटा. पट्ट्यांमुळे जाडी सारखी राहते. पोळीवर जुनी गोधडी पालथी पसरा, वरून एकदाच, एकाच दिशेने लाटणं फिरवा आणि कापड हलकेच उचला. दुसऱ्यांदा फिरवलंत तर दुहेरी ठसा येतो. माती बोटांना चिकटत असेल तर थोडी सुकू द्या.

गुळगुळीत खण किंवा तलम इरकल मातीत काही बोलत नाही. घोंगडी बोलते, क्रोशाचा रुमाल बोलतो, आणि टाके घातलेली गोधडी तर फारच. ठसा उलटा येतो. कापडात धावदोऱ्याने जिथे दबलेलं असतं तिथे मातीत उंचवटा उठतो. रंग निघून जातात, उरतात फक्त टाके. तेव्हा शिवणाऱ्याचा हात पहिल्यांदा दिसतो.

आजीच्या जुन्या गोधडीचे मी बारा ठसे घेतले आणि ओळीने मांडले. तिचा टाका लांब, जरासा तिरपा, रांगा बोटभर अंतरावर. नऊ ठशांत तोच होता. तीन ठशांत मात्र टाका बारीक, सरळ, रांगा इतक्या जवळ की माती पन्हाळीसारखी उठलेली. मी म्हटलं ही आईच्या आईची वाकळ यात मिसळली असेल, म्हणून आईला दाखवलं. आईने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ही आईची नाही गं. ही चौदा नंबरच्या मावशींची." चौदा नंबरच्या खोलीत करीमनगरकडून आलेलं पद्मशाली कुटुंब राहायचं, विणकरांचं. संपाच्या दिवसांत त्या आजीबरोबर व्हरांड्यात बसून गोधड्या शिवायच्या. तीस वर्षं मी ती गोधडी पांघरली, रंगांच्या गर्दीत मला हा दुसरा हात कधी दिसला नव्हता.

म्हणून सांगते : ठसे एकटीने बघू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा. फोटो दाखवला असता तर आईने "छान" म्हणून बाजूला ठेवला असता.

माती

आता गावची माती. मी कुडाळच्या शेतातली भाताची लाल चिकण माती आणली आणि कराडकडून आजोळची, नदीकाठच्या शेताची काळी. प्रत्येकी पाच किलो पुरते. शेताच्या मालकाला विचारूनच घ्या. वरची वीतभर माती बाजूला सारा, तिच्यात मुळं आणि शेणखत असतं. जिथे पाणी साचून सुकल्यावर पापुद्रे धरतात तिथली माती बहुधा चांगली. चिमूटभर ओली करून पेन्सिलीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. वळी न तुटता वाकली तर चालेल. कोकणात जांभ्याचा भुगा याला उपयोगाचा नाही, तो वाकत नाही. भातशेताच्याच खालच्या अंगाला जा.

माती आधी कडकडीत वाळवा, मग पाण्यात टाका. ओली माती पाण्यात लवकर विरघळत नाही, कोरडी ढेकळं मात्र आपोआप फुटतात. दोन-तीन दिवसांनी ती रबडी चहाच्या गाळणीतून आणि मग धोतराच्या कापडातून गाळा. काळ्या मातीत हे कंटाळून सोडू नका. तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, ते भाजल्यानंतर हवेतला ओलावा पिऊन फुगतात आणि चार-आठ दिवसांनी तुकड्याचा टवका उडवतात. गाळलेली रबडी उशीच्या जुन्या अभ्र्यात भरून मोरीत टांगून ठेवली की दोन दिवसांत मळण्याजोगी होते. कोरड्या मातीची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मग एक कंटाळवाणी पण टाळू नये अशी गोष्ट. प्रत्येक मातीची पट्टी करून तिच्यावर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर आणि भाजल्यावर मोजा. मी हे केलं नाही. लाल आणि काळी माती शेजारी शेजारी चिकटवून अर्ध्या-अर्ध्या फरशा केल्या, फार हौसेने, दोन्ही गावं एका चौकोनात आणायची म्हणून. तिसऱ्या दिवशी एकूण एक फरशी सांध्यावर फुटलेली. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, मातीपेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी उठून पट्ट्या केल्या. भाजल्यावर लाल मातीची रेघ ९१ मिलिमीटर उरली, काळीची ८६. काळी माती पाणी फार पिते आणि सुकताना तितकीच आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात तिच्या शेतात भेगा पडतात. एवढ्या फरकाने सांधा टिकणं शक्यच नव्हतं.

मातीचं आक्रसणं कमी करायचं तर तिच्यात न आक्रसणारं काहीतरी घालावं लागतं. कुंभार राख घालतात, घोड्याची लीद घालतात. स्टुडिओवाले भाजलेल्या मातीचा चुरा घालतात. तेव्हा मला कौल आठवलं. काकांकडून एक फुटकं कौल मागवलं, जाड गोणपाटात गुंडाळून, मास्क लावून हातोडीने फोडलं, पाणी शिंपडत कुटलं आणि चहाच्या गाळणीतून चाळलं. रवाळ, मिठाएवढा चुरा झाला. पाच भाग काळ्या मातीला एक भाग कौलाचा चुरा. पुन्हा पट्टी केली : ९०. वडिलांच्या घराचं छप्पर आईच्या गावच्या मातीत मळून मी पुन्हा बारा फरशा जोडल्या. दोन्ही कडांवर आडव्या-उभ्या रेघा पाडायच्या, मधे त्याच मातीची रबडी लावायची, दाबायचं आणि प्लास्टिकखाली चार दिवस सावकाश सुकू द्यायचं. बारांपैकी नऊ टिकल्या. तीन फुटल्या, त्यांचं काय केलं ते पुढे येतंच.

फरशी ओलसर पण टणक असताना चार कोपऱ्यांना भोकं पाडा, बटणासारखी. भोक हवं त्याहून जरा मोठं, कारण तेही आक्रसतं. दोन्ही बाजूंनी ओल्या बोटाने त्याची कड गोल करा. धारदार कड धागा कापते.

भट्टी

घरी भाजायचा खटाटोप करू नका. शहरातले बरेच पॉटरी स्टुडिओ किलोवर किंवा आकारावर पैसे घेऊन भाजून देतात, तिथे 'बिस्क', म्हणजे झिलईशिवायची पहिली भाजणी, एवढंच सांगा. माती गावची आहे हे न लपवता सांगा आणि तुकडे जुन्या बशीत ठेवून द्या, म्हणजे वितळलंच काही तर त्यांची भट्टी खराब होणार नाही. मी धारावीच्या कुंभारवाड्यात गेले. सौराष्ट्रातून मुंबईत आलेली ही कुंभार कुटुंबं १९३०च्या दशकात धारावीत वसली. तिथल्या भट्ट्यांत कापसाचा कचरा आणि चिंध्या जळण म्हणून घालताना मी पाहिलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

भाजण्याचं तंत्र थोडक्यात असं. पहिले १०० अंश अगदी सावकाश, कारण मातीत उरलेलं पाणी एकदम वाफ झालं तर तुकडा फुटतो. तुकडा गालाला लावून पाहा, गार लागला तर अजून ओल आहे. ५७३ अंशांना मातीतली गार, म्हणजे क्वार्ट्झ, एकदम आकार बदलते, तिथेही घाई नको. विजेच्या भट्टीत ९५० ते १००० अंश पुरतात. पारंपरिक भट्टीत त्याहून कमी उष्णता मिळते, तुकडे जरा ठिसूळ राहतात, पण शिवायला चालतात. भट्टी उतरवल्यावर तिथल्या कुंभारकाकांनी प्रत्येक तुकडा कानाशी धरून नखाने वाजवला. खणखणीत तो धड, बोदा वाजला त्यात चीर.

आणि काळी माती लाल होऊन आली होती. काळा रंग भट्टीत उडाला आणि आतल्या लोहाने विटकरी रंग धरला. जवळ नेलं की फरक कळतो, कुडाळची माती तांबूस, कराडची किंचित पिवळसर. वीतभर लांबून कुणालाही सांगता येत नाही.

कापड मातीच्या रबडीत बुडवून तसंच भाजण्याचीही एक पद्धत आहे. सूत जळून जातं आणि त्याच्या घड्यांचं मातीचं कवच उरतं. सुतीच कापड लागतं, धूर होतो, भट्टीवाल्याला आधी विचारावं लागतं. बाजारच्या मलमलीचा एक तुकडा मी तसा केला, तो देखणा झाला. आजीचं लुगडं मात्र मी आगीत घालू शकले नाही, आणि कुणी घालावं असं मला वाटत नाही. दुसरं कापड घ्या.

शिवताना

माझी गोधडी ९० बाय १२० सेंटिमीटरची. खाली पदर, मधे विरलेल्या लुगड्यांचे तीन थर, वर कापडांचे तुकडे. थर जमिनीवर ताणून मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून घ्या. मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात आत आत जा, म्हणजे चुण्या मधे साचत नाहीत. टाके सारखे यावेत म्हणून धडपडू नका, तुमचा हात तुमचाच दिसू द्या. रोज तासभर बसून मला पाच आठवडे लागले.

मातीचे तुकडे गोधडी पूर्ण झाल्यावरच लावा. माझे चार-चार सेंटिमीटरचे, एकेक पंधरा ग्रॅमच्या आत, सगळे मिळून सुमारे साडेतीनशे ग्रॅम. याहून जड झाले तर कापड ओघळतं. मेण लावलेला दुहेरी सुती धागा सगळ्या थरांतून काढा आणि कोटाच्या बटणाला ठेवतो तसा धाग्याचा छोटा गळा ठेवा, नाहीतर दुमडताना फरशी तडकते. फुटलेल्या त्या तीन फरशांना सांध्याच्या दोन्ही बाजूंनी भोकं पाडलेली होती, फुटल्यावर तशाच भाजल्या होत्या. त्यांचे दोन अर्धे मी लाल दोऱ्याने एकमेकांना शिवले, फटीतून खालचं हिरवं लुगडं दिसेल एवढं अंतर सोडून. पाहणारे सगळ्यात आधी त्यांनाच हात लावतात.

धुवायची वेळ आली तर फरशा उसवून काढा आणि पुन्हा लावा. दर पावसाळ्यानंतर गळ्याचे धागे तपासा.

शेवटी मागे एक कोरा कापडी तुकडा लावून त्यावर नावं लिहा, धुतल्यावर न जाणाऱ्या शाईने. फक्त करणाऱ्याचं नाव नको. कापड कुणाचं, माती कुठल्या शेतातली, कौल कुठलं, भट्टी कुठे, टाका कुणाचा, सगळं. मी लिहायला बसले तेव्हा चौदा नंबरच्या मावशींचं नाव आईला आठवेना. सगळी चाळ त्यांना मावशीच म्हणायची. आई लालबागच्या जुन्या ओळखींना फोन लावते आहे. तोवर त्या ओळीत 'खोली नंबर १४' एवढंच आहे, आणि पुढे नावापुरती जागा सोडली आहे.